पुलाचा दुसरा गाळा

१८६७ च्या मार्चमध्ये टेनेसी नदीला महापूर आला आणि चॅटनूगा शहरातला लाकडी पूल वाहून गेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने हे शहर घेतले, तेव्हा तिने आपल्या सोयीसाठी तो बांधला होता. फौज निघून गेली, मागोमाग पूलही गेला, आणि पुढचे जवळजवळ पाव शतक या तीरावरून त्या तीरावर जायला होडीशिवाय दुसरी वाट उरली नाही.

हा काठ त्याआधीही बरेच सोसून होता. चेरोकी लोकांचे पुढारी जॉन रॉस यांनी १८१६ च्या सुमारास इथे धक्का आणि वखार घातली, म्हणून वस्तीचे नाव पडले रॉसेस लँडिंग. १८३८ साली सरकारने चेरोकींना त्यांच्या भूमीतून हुसकून पश्चिमेला धाडले. त्यांतले कित्येक जण याच धक्क्यावरून निघाले, आणि त्या हद्दपारीत हजारो माणसे मेली. त्याच वर्षी गावाचे नाव बदलून चॅटनूगा करण्यात आले.

यादवी युद्धात आणखी एक लोंढा या काठावर आला, तो मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांचा. उत्तरेच्या फौजेच्या आसऱ्याला आलेल्या या माणसांची छावणी नदीच्या उत्तर तीरावर पडली. युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, पण छावणीतले अनेक जण तिथेच राहिले आणि ती वस्ती पुढे हिल सिटी म्हणून ओळखली जाऊ लागली. कामधंदा सगळा दक्षिण तीरावर. ओतकारखाने, हॉटेले, श्रीमंतांची स्वयंपाकघरे, सगळे तिकडेच. त्यामुळे पुलाची खरी निकड कोणाला होती, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केले. पुण्यात बसून जोतीराव ज्या अमेरिकेकडे एवढ्या आशेने पाहत होते, त्या अमेरिकेत हिल सिटीसारख्या शेकडो वस्त्या तेव्हा नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या. त्या वस्त्यांतल्या माणसांना मिळालेला कायद्याचा आधार किती टिकणार होता, याचा एक पुरावा पुढे या पुलावरच मिळाला.

१८८० नंतर चॅटनूगा झपाट्याने वाढले. आसपासच्या डोंगरांत लोखंडाची खनिजे होती, कोळसा होता, आणि उत्तरेकडचे भांडवल त्यांच्या शोधात आले होते. १८८० साली सुमारे तेरा हजार असलेली वस्ती दहा वर्षांत एकोणतीस हजारांवर गेली. एवढ्या शहराला होड्यांवर भागवता येईना. अखेर पूल बांधायचे ठरले. १८९० साली बांधकाम झाले आणि १८९१ साली पूल वापरात आला. लोक त्याला काउंटी पूल म्हणत. वॉलनट स्ट्रीट जिथे नदीला भिडते तिथे तो असल्याने पुढे वॉलनट स्ट्रीट ब्रिज हेच नाव रूढ झाले. लांबी २,३७६ फूट, म्हणजे अर्ध्या मैलाला थोडी कमी. लष्कराने बांधलेले पूल सोडले तर टेनेसी नदीवरचा रस्त्याचा हा बहुधा पहिलाच पूल.

त्याचा मुख्य अभियंता एडविन थॅचर हा माणूस थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. पिट्सबर्गच्या कीस्टोन ब्रिज कंपनीत त्याने पुलांची आकडेमोड करण्यात वर्षे घालवली होती. कैचीच्या पुलात शेकडो सळ्या आणि तुळया असतात. प्रत्येकीवर किती ताण येईल, किती दाब येईल, हे हाताने काढायचे म्हणजे गुणाकार-भागाकारांचा डोंगर. साध्या गणकपट्टीने उत्तर पुरेसे अचूक येईना, म्हणून थॅचरने ती पट्टीच एका नळकांड्याभोवती उतरवली. नळकांडे जेमतेम दीड फूट लांबीचे, पण त्यावर मावलेली मोजपट्टी कितीतरी फुटांची. १८८१ साली त्याने या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढची कित्येक वर्षे ते अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या टेबलांवर दिसत असे. हाच थॅचर नंतर लोखंड सोडून सळईच्या काँक्रीटकडे वळला आणि तिथल्याही पहिल्या पिढीच्या पूलबांधणाऱ्यांत गणला गेला. नदीतले खांब शिकागोच्या नील्ड कंपनीने उभारले, आणि वरच्या लोखंडी कैच्या ओहायोतल्या टोलीडो गावच्या स्मिथ ब्रिज कंपनीने जोडल्या.

कैचीचे मूळ तत्त्व साधे आहे. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून लोखंडाचे त्रिकोण एकमेकांना जोडत जायचे. पुलावर भार आला की वरची तुळई दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधल्या उभ्या-तिरक्या सळ्या हा भार वाटून घेत खांबांपर्यंत पोचवतात. गाळा मोठा झाला की त्रिकोणही मोठे होतात, आणि लांब सळ्या वाकण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणून मोठ्या त्रिकोणांच्या पोटात छोट्या आधाराच्या सळ्या घालण्याची पद्धत पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या पुलांवर तयार झाली. थॅचरने तीच इथे वापरली. वरची तुळई मात्र त्याने पाच सरळ तुकड्यांत मोडत नेली. त्यामुळे प्रत्येक गाळा मधे उंच आणि दोन्ही टोकांना उतरता दिसतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची, कारण पुलाचे पुढचे नशीब तिच्याशी जोडलेले आहे. इंग्रजी वळणाच्या पुलांत लोखंडाचे भाग तापवलेल्या रिव्हेटांनी ठोकून एकजीव करीत. अमेरिकी पद्धत निराळी होती. सळीच्या दोन्ही टोकांना डोळ्यासारखे भोक पाडायचे, अशा अनेक सळ्यांची भोके एका रेषेत आणायची आणि त्यांतून जाड लोखंडी पिन सारायची. भाग कारखान्यातून तयार होऊन येत, आणि नदीवर फक्त जुळवणी उरे. काम भराभर होई. पण त्या सांध्यात पाणी मुरले, धूळ साठली, गंज धरला, की आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. आणि एखादी सळी तुटली तर तिचा भार घ्यायला शेजारी फार कोणी नसते.

पूल सुरू होऊन दोन वर्षेही धड झाली नव्हती. १४ फेब्रुवारी १८९३ रोजी जमावाने तुरुंगातून आल्फ्रेड ब्लाउंट नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला बाहेर काढले आणि पुलाच्या पहिल्या गाळ्याला फास लावून मारले. एका गोऱ्या बाईवर हल्ला केल्याचा त्याच्यावर आळ होता. खटला उभा राहिलाच नाही.

तेरा वर्षांनी जे घडले ते मात्र केवळ या शहराचे राहिले नाही. २३ जानेवारी १९०६ च्या संध्याकाळी नेव्हाडा टेलर ही एकवीस वर्षांची तरुणी कामावरून ट्रॅमने परतली आणि घराकडे चालली असताना मागून कोणीतरी तिच्या गळ्याभोवती चामड्याचा पट्टा आवळून तिच्यावर अत्याचार केला. अंधार होता, तिला चेहरा नीट दिसला नव्हता. माहिती देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले, आणि एका गोऱ्या माणसाने पुढे येऊन सांगितले की एड जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीयाच्या हातात आपण चामड्याचा पट्टा पाहिला होता. जॉन्सन मिळेल ते काम करून पोट भरणारा तरुण. त्या संध्याकाळी तो एका गुत्त्यात काम करीत होता, असे सांगायला दहाबारा साक्षीदार उभे राहिले. खुद्द टेलरबाईंनीही हाच तो माणूस असे शपथेवर ठामपणे सांगितले नाही, आपल्याला तसे वाटते एवढेच त्या म्हणाल्या. जूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. खटला सुरू झाला ६ फेब्रुवारीला, आणि ९ तारखेला फाशीची शिक्षा झालीसुद्धा. न्यायालयाने नेमलेल्या वकिलांनी जॉन्सनला सल्ला दिला की अपील करू नकोस, जमाव चवताळेल.

इथे नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स हे दोघे कृष्णवर्णीय वकील पुढे आले. हे वकीलपत्र घेणे म्हणजे धंदा, घर आणि जीव, तिन्ही पणाला लावणे होते, आणि त्यांना ते माहीत होते. राज्याच्या न्यायालयात काही हाती लागेना, तेव्हा ते संघराज्याच्या न्यायालयात गेले. तिथेही अर्ज फेटाळला गेला, पण वरच्या न्यायालयात जायला थोडी मुदत मिळाली. पार्डन वॉशिंग्टनला गेले आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांना भेटले. दहा वर्षांपूर्वी, ‘वेगळे पण समान’ या नावाखाली रेल्वेच्या डब्यांतली वर्णभेदाची भिंत न्यायालयाने मान्य केली, तेव्हा एकट्याने विरोधी निकाल लिहिणारे ते हेच हार्लन. मार्चमध्ये त्यांनी अपील दाखल करून घेतले. जॉन्सन आता सर्वोच्च न्यायालयाचा कैदी झाला, त्याला हात लावण्याचा अधिकार टेनेसी राज्यालाही उरला नाही.

ही बातमी १९ मार्चला चॅटनूगाच्या वर्तमानपत्रांत आली. त्याच रात्री शेरीफ जोसेफ शिप यांनी तुरुंगावर एकच म्हातारा पहारेकरी ठेवला होता. जमाव आला, दारे फोडू लागला. दारे फोडायला तास-दोन तास नव्हे, जवळजवळ तीन तास लागले, आणि एवढ्या वेळात मदतीला कोणीही आले नाही. जॉन्सनला काही चौक पलीकडच्या पुलावर नेण्यात आले आणि दुसऱ्या गाळ्याच्या तुळईवरून दोर टाकण्यात आला. त्याने कबुली द्यावी म्हणून जमाव ओरडत होता. आपण निर्दोष आहोत असे त्याने सांगितले आणि समोरच्यांना आशीर्वाद दिला. मग त्याला वर खेचले, गोळ्या झाडल्या. एका गोळीने दोर तुटला, तो खाली पडला, तेव्हा पुन्हा झाडल्या. शरीरावर एक चिठ्ठी अडकवली होती, न्यायमूर्ती हार्लन यांना उद्देशून लिहिलेली, आणि तिच्यात असे शब्द होते की ते इथे उतरवावेसे वाटत नाहीत.

आठवडाभराने निवडणूक झाली. शेरीफ शिप मोठ्या मतांनी पुन्हा निवडून आले.

पण सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट सोडून दिली नाही. सरकारने गुप्त पोलीस पाठवून तपास केला आणि महान्यायवादींनी शिप व इतरांवर न्यायालयाच्या अवमानाचा आरोप ठेवला. या न्यायालयाला तो अधिकार आहे का, याचे उत्तर न्यायमूर्ती होम्स यांनी डिसेंबर १९०६ मध्ये होकारार्थी दिले. निकाल लागला २४ मे १९०९ रोजी. शिप आणि आणखी दोघे यांना नव्वद दिवसांची कैद, पहारेकऱ्यासह तिघांना साठ दिवसांची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवलेला फौजदारी स्वरूपाचा हा एकमेव खटला. एका माणसाच्या जिवाची किंमत नव्वद दिवस, हे वाचताना आजही संताप येतो. तरीही राज्याच्या फौजदारी खटल्यात आरोपीला न्याय मिळतो की नाही हे पाहणे आपलेही काम आहे, असे देशातले सर्वांत मोठे न्यायालय या प्रकरणात पहिल्यांदा कृतीने म्हणाले, हेही तितकेच खरे आहे. शिप सुटून आले तेव्हा स्टेशनावर हजारो लोकांनी त्यांचे स्वागत केले. पार्डन आणि हचिन्स यांना मात्र शहर सोडावे लागले होते. ते टेनेसीत पुन्हा राहायला आले नाहीत.

पूल पुढे नेहमीसारखा वापरात राहिला. आधी घोडागाड्या, मग मोटारी. १९१७ साली शेजारी मार्केट स्ट्रीटचा नवा पूल झाला आणि याच्यावरची वर्दळ वाटली गेली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत सांगण्यासारखे फार नाही. लोखंड झिजत होते, एवढेच.

मग १५ डिसेंबर १९६७ रोजी, चॅटनूगापासून बऱ्याच दूर, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसे मेली. तो झुलता पूल होता, पण त्याच्या साखळ्या डोळ्याच्या भोकांच्या सळ्यांनीच बनलेल्या होत्या, आणि त्यांतल्या एका सळीच्या डोळ्यात पडलेली बारीकशी भेग सगळ्या विनाशाला पुरली. यानंतर देशभरातल्या पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचे नियम झाले. जुन्या पिनजोड पुलांकडे आता वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. १९७८ साली वॉलनट स्ट्रीटचा पूल वाहनांना बंद झाला, आणि तो पाडून टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या.

त्या दिवसांत शहराचीही अवस्था पुलासारखीच होती. १९६९ साली देशातली सर्वांत प्रदूषित हवा चॅटनूगाची असल्याचे सरकारी अहवालात निघाले आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी ते दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाला सांगितले. ओतकारखाने एकामागून एक बंद पडत होते. नदीकाठ ओसाड पडला होता. अशा वेळी १९८४ साली नागरिकांनी एकत्र येऊन ‘व्हिजन २०००’ नावाचा उपक्रम सुरू केला. सतराशेहून अधिक लोक त्याच्या सभांना आले आणि शहरासाठी चाळीस उद्दिष्टे ठरली. त्यांच्या बोलण्यात नदी पुन्हा पुन्हा येत होती. मग जुना पूल पाडायचा कशाला, चालणाऱ्यांसाठी का ठेवू नये, हा विचार जोर धरू लागला. पाडायला खर्च येणारच होता, आणि त्यासाठी ठेवलेला पैसा दुरुस्तीकडे वळवता येतो हे लक्षात आल्यावर वादाची दिशा बदलली. नागरिकांनीही वर्गणी काढली. १९९० साली पूल ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेला.

दुरुस्तीत एक निर्णय फार शहाणपणाचा होता. पुलाकडून जुने काम करून घ्यायचा हट्ट कोणी धरला नाही. मालमोटारींचे ओझे या कैच्यांना आता झेपणारे नव्हते, माणसांचे सहज झेपणारे होते. म्हणून थॅचरच्या कैच्या जागच्या जागी ठेवल्या, जिथे लोखंड खाल्ले गेले होते तिथे दुरुस्ती केली, बदल केले, आणि वर लाकडी फळ्यांची पायवाट घातली. जुनी वास्तू वाचवताना तिच्या अंगावर नवे कातडे चढवून आतला सांगाडा काढून टाकण्याचे प्रकार जगभर होतात. इथे सांगाडाच वाचवला, कारण पूल म्हणजे तोच होता. १९९३ साली पूल पुन्हा उघडला. आदल्या वर्षी जवळच टेनेसी मत्स्यालय सुरू झाले होते. काही वर्षांत दोन्ही तीर माणसांनी भरून गेले. केवळ चालण्यासाठी राखलेल्या जगातल्या मोठ्या पुलांत त्याची गणना होऊ लागली.

ही दुरुस्ती मी अर्धीच मानतो. शहरातल्या काही कृष्णवर्णीय घरांतली वडीलधारी माणसे या पुलावर पाय ठेवायला तयार नव्हती. जिथे इतर लोक संध्याकाळी मुलांना घेऊन फिरत, तिथे त्यांना दुसरा गाळा दिसत होता. उरलेली अर्धी दुरुस्ती अभियंत्यांच्या हातची नव्हती. ती सुरू झाली एका पुस्तकापासून. १९९९ साली मार्क करीडन आणि चॅटनूगाचे वकील लिरॉय फिलिप्स यांनी या खटल्याचा सगळा इतिहास ‘कंटेम्प्ट ऑफ कोर्ट’मध्ये मांडला. २००० सालच्या फेब्रुवारीत हॅमिल्टन काउंटीच्या न्यायालयाने जॉन्सनची शिक्षा रद्द ठरवली, चौऱ्याण्णव वर्षांनी. जिथून चेरोकींना हाकलले त्या धक्क्यावर २००५ साली त्यांच्या स्मरणार्थ पाण्याच्या पायऱ्यांची वाट झाली. आणि पुढच्या दशकात शहरातल्या गोऱ्या-काळ्या नागरिकांनी मिळून जॉन्सनच्या स्मारकासाठी एक गट उभा केला. मिशनरी रिजवरच्या जुन्या दफनभूमीत जॉन्सनची कबर आहे, आणि तिच्या दगडावर त्याचे पुलावरचे अखेरचे शब्द कोरलेले आहेत. ते शब्द या गटाने शहरभर नेले.

१९ सप्टेंबर २०२१ रोजी पुलाच्या दक्षिण टोकाशी स्मारकाचे अनावरण झाले. शिल्पकार जेरोम मेडोज. तिथे जॉन्सन एकटा नाही, पार्डन आणि हचिन्सही ब्राँझमध्ये उभे आहेत. स्मारक झुंडबळीचे असूनही त्यात वकिलांना जागा दिली, ही मला त्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण त्या रात्री पुलावर फक्त एक माणूस मारला गेला नव्हता, न्यायालयात जाण्याची हिंमतही मारायची होती. महापौर टिम केली यांनी शहराच्या वतीने माफी मागितली.

लोखंडाचे काम चालूच राहिले. पावले झेललेल्या फळ्या बदलायला, कैच्या दुरुस्त करायला आणि नवा रंग द्यायला २०२५ साली पूल पुन्हा बंद करण्यात आला.